डोळ्याखालचा भोवरा

संस्थानचं घोडदळ मोडलं, तरी तिथे घोडे शिकवणारे जुने चाबूकस्वार मालोजीराव यांचा मान काही उतरला नाही. बेंगळुरात कुणाला स्वारीचं जनावर घ्यायचं असलं की आधी त्यांना नेऊन दाखवायचं, अशी रीतच पडली होती. मोबदला एक नारळ आणि विडा. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे कुठे कुठे आहेत, ते मालोजीराव आधी पाहत. अशुभ भोवरा दिसला की मान हलवून परत फिरत. मग त्या घोड्यावर मांड टाकणं नाही, की त्याची चाल बघणं नाही. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात भोवरा त्यांच्याच घरात निघाला. त्यांची मुलगी तुंगा चोवीस वर्षांची. बघायला आलेल्या बाईंनी तिला मान खाली घालायला लावली, मानेवरचे केस बाजूला सारले आणि म्हणाल्या, "सुळी आहे की हो, भोवरा. सासूच्या मुळावर." आधीची दोन स्थळं याच भोवऱ्यापायी गेली होती. मालोजीरावांचा पारा चढला.

"मुलगी बघायला आलात की घोडी?"

पाहुणे चहा तसाच टाकून उठले. कपबशा आवरताना तुंगा म्हणाली, "त्यांच्यावर कशाला रागावता बाबा? तुम्ही तरी दुसरं काय करता?"

मालोजीरावांना ते फार झोंबलं, कारण ते खरं होतं.

आठ दिवसांनी चिकपेटेतले कापडाचे व्यापारी अप्पासाहेब त्यांना मोटारीतून देवनहळ्ळीला घेऊन गेले. अप्पासाहेबांना स्वारीसाठी अबलख घोडा हवा होता आणि देवाप्पा शेतकऱ्याच्या दारात तसाच एक उभा होता. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, बघत राहावा असा. मालोजीरावांनी सवयीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. डाव्या डोळ्याखाली बोट अडलं. आसूढाळ! घरात रडं आणणारा भोवरा.

देवाप्पाने ओळखलं. "सांगून टाका अण्णा," तो म्हणाला. "तीन गिऱ्हाइकं इथनंच परत गेली. पाच वर्षं माझ्या दारात हाय, कोण रडलं नाही. आता खाणीवर दगडाच्या गाडीला जुंपतील."

मालोजीरावांची मान हलणार, तेवढ्यात ते थबकले. आजवर इतके घोडे नाकारले, पण त्यातल्या एकाचीही चाल आठवेना. आठवणार कुठून? पाहिलीच नव्हती.

"खोगीर आण," ते म्हणाले.

साठीच्या माणसाने मांड टाकली. घोडा तळ्याच्या बांधावरून असा गेला की स्वाराच्या हातात भरलेला पेला असता तरी पाणी सांडलं नसतं. समोरून बस कर्णा वाजवत आली, तरी बिचकला नाही. मालोजीराव परत आले ते शरमिंदे होऊन.

"भोवरा?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"आहे, डोळ्याखाली. पण घोडा लाखात एक आहे. घ्या."

"सुळीचा घोडा घ्या म्हणता? तुम्ही बांधाल का आपल्या दारात?"

"बांधीन," मालोजीराव म्हणाले. विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी वर्षभरासाठी तो भाड्याने मागितला. त्यावर मुलांना स्वारी शिकवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. देवाप्पाने तिथल्या तिथे लगाम त्यांच्या हातात दिला. त्यानंतर मात्र घोडा पारखून घ्यायला मालोजीरावांच्या घरी परत कुणी नारळ घेऊन आलं नाही.

दिवस मावळता मावळता ते घोड्यावरून घरी पोचले. त्यांच्या पत्नी शारदाबाईंनी घोड्याचं तोंड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, आसूढाळ! घरात लग्नाची मुलगी, आणि हे काय आणलंत?"

तुंगा पुढे आली. "बाबा, भोवरा दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

"मग बसून पाहिलं."

तुंगा घोड्याच्या डोळ्याखालून हात फिरवत राहिली. तीन स्थळं गेली तेव्हा तिने टिपूस काढलं नव्हतं. आता ती घोड्याच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देऊन रडू लागली.

"बघा, आलं की नाही घरात रडं!" शारदाबाई म्हणाल्या.

"येऊ दे," मालोजीराव म्हणाले, आणि खोगीर उतरवू लागले.