आमचा तलाव कोणी मारला

माझ्या बापानं. एकट्यानं नाही, पण पहिलं नाव त्याचंच. गावच्या पाणीवाटप समितीचा अध्यक्ष तो, आणि बाकीचे चार सभासद त्याच्या मागे मान हलवणारे. सगळे पिकल्या केसांचे, सगळे शहाणे!

या पाच जणांचे किस्से सुरू केले की मित्र म्हणतात, "पुरे कर बे." पण उताराचं पाणी जसं तलावात येऊन साचतं, तसे ते माझ्यात साचलेत. कारण त्या तलावात माझं काही होतं. गोंदिया जिल्ह्यात, सौंदडच्या अलीकडे आमचं गाव. बीएस्सीचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून मी परत आलो आणि सुखदेवबरोबर तलावात मासोळीचं बीज सोडलं. सुखदेव धिवरांचा, त्याच्या आज्यापासून जाळं याच पाण्यात. ठेका त्यांच्या सोसायटीचा, राबणारे आम्ही दोघं.

* * *

आमच्याकडे माणसाची इज्जत धानाच्या रंगावर ठरते. रोवणा, म्हणजे लावणी, होऊन महिना झाला की म्हातारे पानठेल्यावर बसून रस्त्याकडेच्या धानाच्या बांध्या न्याहाळतात. धान काळाभोर दिसला पाहिजे. नुसता हिरवा चालत नाही!

एकदा कोमाजीकाका, समितीतलाच एक, बापाला म्हणाला, "तुमचा धान पिवरा दिसून राहिला ना गा. घरी बिमार हाये का कोनी?"

 बाप अर्धा चहा ठेवून उठला. दुपारी आमच्या बांधीत युरियाची आणखी एक बोरी पडली. संध्याकाळी कोमाजीकाकाच्या बांधीत दोन!

* * *

कृषी सहायक येऊन समजावून गेला. आधी बांधीतलं पाणी काढा, मग युरिया टाका, दोन दिवसांनी पुन्हा पाणी धरा. पाचही जणांनी मान हलवली, त्याला पोहे खाऊ घातले. चौथ्या दिवशी बाप पोटरीभर पाण्यात उभा राहून युरिया फेकत होता.

"बाबा, साहेब काय सांगून गेला?"

"पान्यात टाकला का आपोआप पसरते. त्याची सोताची बांधी हाये का कुठी?"

तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. पावसानं बांधीच्या कडेचा धुरा फुटू नये म्हणून बापानं फावड्यानं धुऱ्याला तोंड पाडलं. सगळ्यांनीच पाडलं. बांधीचं पाणी नाल्यात, नाला तलावात.

"खत चाललं ना तलावात!" मी ओरडलो.

"तलाव का परका हाये? आपल्याच गावचा हाये ना!"

* * *

दुसऱ्या वर्षी तलावाचं पाणी उकळलेल्या पालकासारखं झालं. काठावर शेवाळाची साय. म्हशी नाक लावून परत फिरायच्या. मी ग्रामसभेत उभा राहिलो. म्हटलं, युरिया कमी करा, निदान टाकल्यावर धुरे फोडू नका, मासोळीचा जीव जाईल.

"कोन्त्या वर्गात हायेस तू?" विचारणारा बापच.

"सोडलं कॉलेज."

"मंग बस खाली!"

अख्खी सभा हसली. सुखदेव हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "अबे, तुले बसाले घर तरी हाये. मी कुठी बसू?"

* * *

मग मी आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून गोंदियाला तपासायला नेलं. रिपोर्टमध्ये लिहून आलं, नायट्रेट जास्त, पिण्यास अयोग्य. बापानं चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"नायट्रेट म्हंजे युरियातलंच ना?"

"त्यातूनच येते."

"मंग पिकाले चांगला, तर मानसाले काऊन वाईट?"

आणि त्याच विहिरीचा तांब्या तोंडाला लावला. आईनं वांग्याच्या रोपांना तेच पाणी घातलं. वांगी मात्र जोरात आली!

* * *

तिसऱ्या वर्षी मासोळी हाताएवढी झाली. काढायला पंधरा दिवस उरले होते. भादव्यात तीन दिवस ऊन पडलं नाही. चौथ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी सुखदेवचा फोन. टॉवर नुकताच लागला होता गावात. "ये लवकर. मासोऱ्या तोंड वर काढून राहिल्या."

तलावभर उघडी तोंडं. तीन दिवस उन्हाविना राहिलेल्या शेवाळानं पाण्यातली हवाच ओढून घेतली होती. आम्ही डोंग्यात बसून बांबूनं पाणी झोडपत राहिलो, तेवढीच थोडी हवा मिसळेल म्हणून. तलावाच्या काठच्या पाळीवर टोपल्या घेऊन गाव जमलं. कोमाजीकाका खुशीत ओरडला, "सोताहून वर आल्या ना गा! जार्‍याचं बी काम नाही!"

आठ वाजेपर्यंत सगळी पांढरी पोटं. बांबू टाकून आम्ही काठाला आलो. सुखदेव घडी घातलेलं जाळं मांडीवर घेऊन पाळीवर बसला.

बाप आला. खांद्यावर दुपट्टा, काखेत युरियाच्या रिकाम्या बोऱ्या. इकडून तिकडे तलाव पाहिला. बोऱ्या सुखदेवसमोर टाकल्या.

"वास सुटन्याआधी भरा. माह्या बांधीत नेऊन टाका. खत होते."

सुखदेवनं बोऱ्या भरल्या.

माझं कॉलेजचं दीड वर्ष गेलं आणि तलावावरची तीन. सुखदेव रायपूरला मजुरीला गेला. माझा फोन उचलत नाही.