मानेतलं प्लास्टर

गिलावामास्तरांना भोक बघवत नसे. भिंतीतलं असो, दारातलं असो, की शेजाऱ्यांच्या कुंपणातलं. घरात एखादा खिळा उपटला, तर खिळा ठोकण्याआधी ती भिंत जेवढी गुळगुळीत होती त्याहून जास्त गुळगुळीत करून ते मोकळे व्हायचे. बायको पाहुण्यांना सांगायची, "यांच्या हाताला चाळणी लागू देऊ नका. बुजवून परत देतील."

हाच हात संग्रहालयात मात्र सोन्याचा मानला जाई. मास्तरांची खोली होती मागच्या अंगाला, जिन्याखाली. दगडात अडकलेली कोट्यवधी वर्षांपूर्वीची हाडं तिथे यायची आणि मास्तर सुईने, ब्रशने, दातांच्या डॉक्टरकडे असते तसल्या ड्रिलने त्यांच्याभोवतीचा दगड काढायचे. तुकडे जोडायचे, फटी प्लास्टरने भरायच्या, वर असा रंग द्यायचा की जनावर परवा परवापर्यंत हिंडत होतं असं वाटावं. गिलावामास्तर हे नाव सहकाऱ्यांनी चिडवायला ठेवलं होतं. मास्तरांनी ते स्वतःच्या कपाटावर सुबक अक्षरांत रंगवून घेतलं, त्यामुळे चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे लांबमान्या. लांब मानेच्या डायनासोरांतला हा एक. त्याची मान मोठ्या दालनाच्या एका भिंतीपासून निघायची ती थेट दुसऱ्या भिंतीपर्यंत. पुढे डोकं नव्हतं. या मंडळींची डोकी शरीराच्या मानाने एवढीशी असतात आणि मेल्यावर सगळ्यात आधी तीच हरवतात. मास्तर म्हणायचे, "आमच्या कचेरीतही बऱ्याच जणांचं तसंच आहे. फक्त ते मरेपर्यंत थांबत नाहीत."

या मानेवर आता जुन्या हाडांत डॉक्टरेट केलेल्या डॉक्टरीणबाई संशोधन करत होत्या. विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा सुई कशी धरायची तेसुद्धा मास्तरांनी शिकवलं होतं. चारचौघांत मास्तर त्यांना "बाई" म्हणत आणि खोलीत दोघंच असली की "अगं पोरी". त्या मात्र सगळीकडे "काका"च म्हणायच्या.

बाईंनी लांबमान्यात एक मोठी नवलाची गोष्ट हेरली होती. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जनावरांच्या मानेचे मणके आतून पोकळ असतात. मणक्यांच्या बाजूला मोठमोठी भोकं असतात, त्यांतून फुप्फुसाकडची हवा हाडात शिरते. आजच्या पक्ष्यांचं असतं तसं. म्हणून तर एवढी लांबलचक मान त्यांना उचलता यायची. निम्म्याहून जास्त मान म्हणजे नुसती हवा. लांबमान्याचे मणके मात्र बाजूने सपाट, भरीव. म्हणजे याच्या पूर्वजांनी मिळवलेली हवा यानं गमावली, मान जड झाली, आणि हा बिचारा आयुष्यभर मान खाली घालून जमिनीलगतचा पाला खात राहिला, असा बाईंचा निष्कर्ष होता. त्यावर त्यांचा निबंध होता, आणि निबंधावर त्यांची नोकरी कायम होणं.

निबंध लिहायला घेण्याआधी बाई विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन दालनात आल्या होत्या. एका मणक्यावर टॉर्च मारत त्यांनी विचारलं, "काका, इथे बाजूला तुम्ही काही भरलं होतं का?"

"मी तडे भरतो, बाई," मास्तर म्हणाले. "जनावराला नसलेलं अंग देत नाही. ते काम शिंप्याचं."

घोळका हसला. बाईही हसल्या. "म्हणजे नाही ना?"

"नाही हो."

चहावर फुंकर मारायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पुढे मास्तरांच्या घरी स्वयंपाकघराची दुरुस्ती निघाली. गवंडी काम संपवून गेला आणि ओट्याच्या वर, छताजवळ, एक चांगलं वाटीएवढं भोक राहिलेलं मास्तरांना दिसलं. गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते स्टुलावर चढले आणि भोक असं बुजवलं की भिंतीलाही आठवू नये. संध्याकाळी फोडणी पडली आणि घरभर धूर झाला.

"अहो, इथलं भोक कुठे गेलं?" बायकोने खोकत विचारलं.

"बुजवलं. तुझा गवंडी विसरला होता."

"विसरला नव्हता. मी सांगून ठेवून घेतलं होतं. ती धुराची वाट होती." डोळे पुसत तिनं पुढे सुनावलं, "भोक दिसलं की हात शिवशिवलाच पाहिजे का? ते कशासाठी आहे ते एकदा विचारावं तरी."

मास्तर स्टूल घेऊन उभे राहिले. पण त्यांच्या डोळ्यांसमोर भिंत नव्हती. नोकरीच्या सुरुवातीचे दिवस होते. लांबमान्याचे मणके टेबलावर होते. जवळजवळ प्रत्येकाच्या कुशीत एकेक खळगा, त्यात तांबड्या मातीचा घट्ट लगदा. हाड सडलंय असं समजून त्यांनी माती आतच राहू दिली होती, वरून प्लास्टरचा हात फिरवला होता, रंग दिला होता. तेव्हाच्या साहेबांनी पाठ थोपटली होती: हाड कसं नवंकोरं दिसतंय.

"आता काय भिंतीची माफी मागताय?" बायकोने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "भिंतीची नाही."

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून ते गेले. बाई खुशीत होत्या. म्हणून सांगितलं नाही. त्यानंतर बाई कामात होत्या. मग बाईंना सर्दी झाली. सांगायला योग्य असा दिवस काही केल्या उगवेना. "नाही हो" म्हणताना आपल्याला खरंच आठवत नव्हतं, अशी मास्तर स्वतःची समजूत घालायचे. ती पटायची देखील. पण आता आठवतंय ना, या प्रश्नापाशी समजूत गप्प बसायची.

मग मास्तर अतोनात चांगले वागू लागले. बाईंची खुर्ची करकरायची, तिला तेल पाजलं. पर्सची कडी बसवली. छत्रीची काडी बसवली. न मागता चहा आणून ठेवला, तो निवला म्हणून दुसरा आणला.

"काका, रजा हवी आहे का तुम्हाला?" शेवटी बाईंनी विचारलं. "सरळ मागा. असं छळू नका."

"छे, छे. रजा कसली."

"मग बसा जरा. निबंध पूर्ण झालाय, उद्या पाठवतेय. तुमच्यापुरतं वाचून दाखवते." आणि त्यांनी आभाराचा मजकूर वाचला. पहिलं नाव मास्तरांचं होतं. त्यांच्या हातांनी ही हाडं जशी होती तशी समोर ठेवली, म्हणून हे संशोधन शक्य झालं, असं पुढे लिहिलं होतं.

"जशी होती तशी," मास्तर पुटपुटले.

"आवडलं ना? आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, काकांना घरी जेवायला बोलाव."

त्या रात्री मास्तर ताटातला भात नुसता चिवडत बसले. बायकोने मीठ जास्त झालंय का विचारलं, ते "हो" म्हणाले. मीठ घालायचंच राहिलं होतं.

सकाळी कुणी यायच्या आत ते दालनात गेले. सर्वांत जवळच्या मणक्याच्या कुशीला ड्रिल लावलं. हाडाची भुकटी तपकिरी निघते. निघाली ती पांढरीशुभ्र. मास्तर शिडीवर बसून त्या भुकटीकडे बघत राहिले. इतका अवाढव्य जीव, सबंध जन्म हलकी मान उंच करून जगला असेल, आणि आपण त्याच्या मानेत प्लास्टर भरून त्याला खाली बघायला लावलं.

ड्रिलचं भोक मसुराच्या दाण्याएवढं होतं. बोटाच्या टोकाने बुजलं असतं. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की त्यांच्या डाव्या हाताने, त्यांना न विचारता, वाटीत प्लास्टर कालवायला घेतलंसुद्धा होतं.

वाटी तशीच खाली ठेवून ते बाईंच्या खोलीबाहेर जाऊन बसले. बाई आल्या तसे उभे राहिले आणि त्यांनी मूठ उघडून पांढरी भुकटी दाखवली.

"हे काय?"

"लांबमान्याच्या कुशीतलं. बाजूला भोकं होती, पोरी. जवळजवळ सगळ्यांना. मी बुजवली."

बाईंनी भुकटी बोटाने चोळून पाहिली. बराच वेळ चोळत राहिल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"तेव्हा आठवलं नव्हतं."

"कधी आठवलं?"

इथेही एक सोयीचं उत्तर तयार होतं: काल रात्री. ते जिभेच्या टोकावर आलंसुद्धा. "स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तुम्ही खुर्चीला तेल घालत होता तेव्हा माहीत होतं."

"हो."

"काल मी वाचून दाखवत होते तेव्हाही."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्या खुर्चीत बसल्या. खुर्ची करकरली नाही, तेही मास्तरांना लागलं.

निबंध पाठवायचा राहिला. नोकरी कायम व्हायची ती पुढे ढकलली गेली. साहेबांनी मास्तरांना बोलावून बरंच सुनावलं, पण साहेबांचं बोलणं मास्तरांच्या अंगाला चिकटत नसे. चिकटलं ते वेगळंच. बाई आता त्यांना काका म्हणत नव्हत्या. "अहो, जरा दिवा धरता का?" एवढंच. जेवायचं बोलावणंही पुन्हा निघालं नाही.

मणके एकेक करून जिन्याखालच्या खोलीत उतरवले गेले. मास्तर स्वतःचंच प्लास्टर कोरून काढू लागले आणि बाई शेजारी बसून प्रत्येक पोकळीचं माप घेऊ लागल्या. प्लास्टरखाली तांबडी माती आणि मातीमागे कागदासारख्या पातळ हाडाच्या भिंती, दालनात दालन असावं तशा. त्या बघताना बाईंच्या तोंडून "अरे वा" निघायचं आणि शेजारी कोण बसलंय हे आठवून अर्ध्यात थांबायचं. लांबमान्या आता चारचौघांसारखाच हलक्या मानेचा ठरला होता. नवलाचं काही उरलं नव्हतं.

मानेच्या मुळाशी असलेला मणका शेवटी टेबलावर आला. त्याची कूस सपाट होती. मास्तरांनी बोट फिरवलं, दिवा जवळ नेला, पुन्हा बोट फिरवलं.

"इथे भरलंय?" बाईंनी विचारलं.

मास्तरांना तो मणका लख्ख आठवत होता. त्याला त्यांनी ब्रशशिवाय काहीच लावलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "हा मुळातलाच असा आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मणक्याकडे. हात पुढे केला. मास्तरांनी ड्रिल त्या हातात दिलं आणि दिवा त्यांच्या बाजूला वळवला.

ड्रिल घुर्रर्र करत आत गेलं. भुकटी तपकिरी आली. शेवटपर्यंत तपकिरीच.

"हाड आहे," बाई म्हणाल्या.

"आणखी थोडं खोल जाऊन बघ," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कुशीलाही बघ. मग लिही."