गुरुजींचं वजन शून्य

तुम्ही चहा ओता, तोवर मी माझी अब्रू काढतो. माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. किन्हवलीच्या बाजूला कुणाला विचाराल तर तो वाढवून सांगेल, आणि खरं सांगू का, वाढवायला त्यात जागाच उरलेली नाही!

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. शहापूरच्या बाजारात माझं छोटं दुकान होतं. रेडिओ, टीव्ही, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचो. त्यात कल्याणला जाऊन मायक्रोकंट्रोलरचा कोर्स केला. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाएवढी चिप, आपण प्रोग्राम लिहून देऊ तशी वागणारी. बायको तसं वागत नाही, गिऱ्हाईक तसं वागत नाही, पण चिप वागते! कोर्स संपला आणि माझे पाय जमिनीला लागेनात.

अशात आमच्या गावचे सरपंच दुकानात आले. आमचे गणिताचे गुरुजी निवृत्त होणार होते. अख्ख्या गावाला पाढे शिकवलेला माणूस. गावानं ठरवलं होतं, गुरुजींची तांदळाची तुला करायची. जेवढं गुरुजींचं वजन, तेवढा घरोघरचा तांदूळ डोंगरातल्या आश्रमशाळेला द्यायचा.

"तुज्याकडं एखादा मोठा काटा असंल तर दे रे दिवसभर," सरपंच म्हणाले.

"देतो कसला, बनवतोच! असे मोठे लाल आकडे लावतो की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलापण दिसतील."

"जमंल ना?"

"माझ्यावर सोडा."

या दोन शब्दांनी जगाचं जेवढं नुकसान केलंय ना, तेवढं पुरानंही केलं नसेल.

आठवड्यात काटा तयार. लोखंडी चौथरा, त्याच्याखाली वजन ओळखणारा सेन्सर, वर लाल आकड्यांची पाटी. दुकानामागंच आमचं बिऱ्हाड. पहिल्यांदा बायकोला उभं केलं. आकडे आले, पण एका जागी ठरेनात. पंचावन्न, सत्तावन्न, बावन्न! आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं ठिणगी पाडली. आकडा टुणकन उडाला, आणि मी मूर्खानं तो गल्लीला ऐकू जाईल असा वाचला.

"अठ्ठ्याण्णव!"

बायको खाली उतरली. शांतपणे उतरली, हेच वाईट.

"परत या डबड्यावर पाय ठेवला तर टोकावड्याची पोर नाय मी," ती म्हणाली. पुढचे दोन दिवस आमच्याकडं बिनफोडणीचं वरण होतं.

चूक माझी नव्हती हो. सेन्सरचा सिग्नल फार नाजूक. वेल्डिंग, जनरेटर, मिक्सर, कुणीही त्यात लुडबुड करतं. त्या लुडबुडीला इंग्रजीत नॉइज म्हणतात, म्हणजे गोंगाट. हा गोंगाट प्रोग्राममध्येच गाळायचा असतो. मी डोकं लावलं. चिपला नियम घालून दिला, की बाई, एका क्षणात आकड्यानं पाच किलोपेक्षा मोठी उडी मारली तर ती खोटी समज. लक्ष देऊ नको. जुनाच आकडा धरून बस.

मग परीक्षा घेतली. तांब्या-तांब्यानं तांदूळ ओतत गेलो. एक किलो, दोन किलो, तीन... शेजारी वेल्डिंगची नुसती दिवाळी चालली होती, पण आकडा ढळला नाही. पार पन्नास किलोपर्यंत काटा कसा चोख! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता एकदाच उभी राहा गो," मी बायकोला म्हटलं.

"तुमीच राहा."

मग मी स्वतः का नाही उभा राहिलो? इतकी वर्षं मीपण स्वतःला तेच विचारतोय.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव भरला. जनरेटर घुरघुरत होता, कर्णे किंचाळत होते, आणि माझी पाटी मात्र ठाम. शून्य पूर्णांक शून्य. लोक कौतुकानं बघत होते. मी नवा शर्ट घातला होता.

गुरुजी हार घालून चौथऱ्यावर चढले. सरपंचांच्या हातात माईक. त्यांनी पाटीकडं न बघताच सुरुवात केली. "बंधू-भगिनींनो, ज्यांचं या गावात सगळ्यात जास्त वजन, त्या आपल्या गुरुजींचं वजन हाय..." मग पाटीकडं बघितलं. "...शून्य!"

पुढच्या रांगेनं माना उंचावून पाटीकडं बघितलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. उतरले, पुन्हा चढले. शून्य.

"कालपर्यंत होतं," गुरुजी म्हणाले, "आज रिटायर झालो ना."

"थांबा, मी बगतो," म्हणत सरपंच माईकसकट पुढं आले. "आपण एकशे दोन किलो हाय. दवाखान्यात मोजलंय!" गुरुजी बाजूला झाले, सरपंच चढले. चौथरा कुरकुरला. सवयीनं त्यांनी माईकमध्ये वाचलंच. "माजं वजन शून्य..."

मागून एक आवाज आला, "आता बरोबर दावतंय!"

अख्खा मांडव फुटला! सरपंचांनी माईकवर हात ठेवून मला जवळ बोलावलं. "इलेक्शन दोन म्हयन्यांवर आली नि तू चारचौघांत माजं वजन शून्य दावतोस?"

आणि तेव्हा, त्या लालबुंद चेहऱ्यासमोर, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाच किलोची उडी! तांदूळ तांब्या-तांब्यानं चढतो, पण माणूस एकदम चढतो. चिपच्या मते गुरुजी म्हणजे गोंगाट होते. सरपंच म्हणजे तर फारच मोठा गोंगाट!

प्रोग्राम बदलायचा तर कॉम्प्युटर शहापूरला. मी हात जोडले. "गुरुजी, तुम्ही जरा हळूहळू चढाल का?"

"हळूहळू म्हणजे? आधी डोकं आणि मग धड?"

शेवटी दोन दांडग्या गड्यांनी गुरुजींना काखेत धरून अधांतरी उचललं आणि इंच-इंच करत चौथऱ्यावर टेकवायला लागले. आकडा हलला! दोन... पाच... नऊ... मी ओरडतोय, "हळू, हळू!" तेवढ्यात कुणीतरी चेकाळून आरोळी दिली, "गणपती बाप्पा!" आणि निम्मा मांडव, "मोरया!"

गुरुजींनी अशा नजरेनं बघितलं की पोरंसोरं सोडा, त्यांचे बापपण गप्प बसले. बावीस... अठ्ठावीस... एकतीस पूर्णांक चार... आणि एका गड्याचा घामेजलेला हात सटकला. गुरुजी धप्पकन चौथऱ्यावर! झाली उडी. चिपनं ती खोटी ठरवली आणि एकतीस पूर्णांक चारवर मांडी ठोकून बसली.

"येकतीस किलो?" सरपंच हळहळले. "गुरुजी, घरी जेवता ना?"

गुरुजी वैतागून खाली उतरले. तीपण एक उडीच की! चौथरा रिकामा, पाटीवर एकतीस पूर्णांक चार. सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढली. माईकमध्ये म्हणाले, "बगा मंडळी! गुरुजी गेले, पण त्यांचं वजन हितंच राह्यलं!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"अरे, रिटायर झालोय मी!" गुरुजी ओरडले. "जिवंत आहे!"

आता मात्र आश्रमशाळेची स्वैपाकीण भागीबाई उठली. तांदूळ न्यायला ती भल्या पहाटे डोंगर उतरून आली होती. "ऱ्हावंद्या तुमचं मशीन," ती म्हणाली. "येकतीस किलोत माजी पोरं किती दिस जेवतील? चुलीकडचा ओंडका आणा. नि त्यो लांब बाक."

ओंडका आडवा टाकला, त्याच्यावर मधोमध बाक उलटा ठेवला. एका टोकाला गुरुजी, दुसऱ्या टोकाला तांदळाची पोती. पोती वाढत गेली आणि एका क्षणाला गुरुजींचे पाय अलगद जमिनीवरून सुटले. टाळ्यांनी मांडव दणाणला! भागीबाईनं वर आणखी एक सूपभर तांदूळ ओतला.

"ह्ये कशाचं?" सरपंचांनी विचारलं.

"चष्म्याचं."

जेवणं झाली. मी भांड्यांच्या आडोशाला काटा गुंडाळत होतो, कुणाच्या नजरेला नजर न देता. गुरुजी आले आणि शेजारी बसले. "नेमकं काय केलं होतंस, ते सांग."

मी सगळं सांगितलं. सेन्सर, गोंगाट, पाच किलोचा नियम. गुरुजींनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली.

"म्हणजे ध्यानीमनी नसताना काही समोर आलं, की ते खरं मानायचंच नाही. आपलं शून्य धरून बसायचं. बरोबर?"

"हो गुरुजी. चुकलंच माझं."

"चुकलं कसलं!" गुरुजींनी माझ्या पाठीवर थोपटलं. "सातवीत मी न सांगता चाचणी घेतली, की तू दुसरं काय करायचास? मशीन बापावर गेलंय!"