तिसरी चकती

"काका, मोठं आतडं आता ठेवण्यासारखं राहिलेलं नाही. काढावं लागेल. पोटावर पिशवी येईल, कायमची."

डॉक्टर हे बोलले तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "शी!" रडलो नाही, कपाळाला हात लावला नाही. नुसतं शी. शेजारी माझी बायको मंगल बसली होती. तिने विचारलं, "कधी करायचं, डॉक्टर?"

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात आणि त्या भरतच नाहीत. शौचातून रक्त जायचं, ते मी दोन वर्षं मूळव्याध म्हणून दडवलं. कोणी सांगेल तो काढा प्यायलो. दिवसातून पंधरा वेळा संडास. रिक्षात बसायची भीती, कुणाकडे चहा घ्यायची भीती. शेवटी कोलोनोस्कोपी केली, म्हणजे नळी घालून आतडं आतून बघतात ती तपासणी. तोवर औषधांचा उपयोग संपला होता. तुम्हाला रक्त दिसत असेल तर असला गाढवपणा करू नका, लगेच दाखवा.

ऑपरेशननंतर पोटावर जे राहतं त्याला आयलिओस्टोमी म्हणतात. लहान आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढून ठेवतात. त्या टोकाला स्टोमा म्हणायचं. त्याच्याभोवती कातडीला एक चकती चिकटवतात, ती बेसप्लेट, आणि चकतीला पिशवी. पातळ घाण दिवसभर, आपल्याला न विचारता, त्या पिशवीत येत राहते.

पाचव्या दिवशी मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. लाल, ओलं, टोमॅटोच्या गरासारखं. आणि ते हललं! माझ्याच पोटावर, माझ्या परवानगीशिवाय. समोर जेवणाचा ट्रे होता, तो मी ढकलून दिला. त्या दिवशी वरण-भाताचा वाससुद्धा नको झाला.

चकती बदलायला शिकवणारी सिस्टर पेठ तालुक्याकडची होती. बारीक अंगाची, तोंडाने फटकळ. तिने स्टोमाचं माप घ्यायचं, लहानमोठी भोकं पाडलेलं कार्ड काढलं तेव्हा मीच हात वर केला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं मी फिटर होतो. पाइपांच्या सांध्यात बसवायच्या गॅस्केट कापण्यात आयुष्य गेलेलं. मी बसवलेला सांधा गळतोय, असं सांगत माझ्याकडे कुणी परत आलं नाही. मी म्हणालो, "सिस्टर, कार्ड राहू द्या. चकत्या कापायला मला नका शिकवू." तेवढ्यात तिला दुसऱ्या पेशंटकडे बोलावलं. मी झोकात चकतीत स्टोमासाठी भोक कापलं, ती चिकटवली.

पाऊण तासाने माझे साडू भेटायला आले. आले आणि बसले, तेवढ्यात चकतीच्या कडेने सगळं बाहेर आलं. चादरीवर, गाऊनवर, माझ्या हातांवर. साडूंनी रुमाल नाकाला लावला आणि "येतो हं" म्हणत निघूनच गेले. मंगलने पदर खोचला, चकती सोलून कचऱ्यात टाकली आणि सिस्टरकडून शिकून दुसरी बसवली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

त्या दिवसापासून माझं एकच पालुपद: "मला नाही जमत, तूच कर." खरं सांगतो, जमत नव्हतं असं नाही. पुन्हा चुकेल आणि पुन्हा तशीच घाण होईल, याची धास्ती होती. गळका सांधा बसवणारा फिटर म्हणून स्वतःकडे बघणं मला झेपत नव्हतं.

घरी आल्यावर तीन महिने हेच. दर चौथ्या दिवशी सकाळी मी पलंगावर आडवा, डोळे छताकडे, आणि मंगल खाली वाकून माझी घाण पुसतेय. तिने एकदाही नाक मुरडलं नाही. नाक मी मुरडायचो, माझ्याच पोटाला.

अशात नांदगावला माझ्या सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढे. मंगल सकाळच्या गाडीने जायची आणि संध्याकाळी परत यायची, कारण चकती मध्येच सुटली तर मी काय करणार? एकदा ती तिथून फोनवर माझ्याशी बोलत होती, मागून सासूबाईंचा आवाज आला, "आज तरी ऱ्हाशील का गं?" मंगल म्हणाली, "नाही गं आई, यांचं बघावं लागतं."

फोन ठेवला आणि मला किळस आली. पिशवीची नाही, माझी. साठी उलटलेला धडधाकट हातांचा माणूस, आणि एका म्हातारीची लेक अडवून बसलोय! का, तर हात घाण होतील म्हणून.

मंगल आल्यावर मी सांगितलं, "उद्या जा आणि राहा. चकतीचं मी बघतो." तिने टेबलावर चकत्या, पिशव्या, कात्री, गॉज, सगळं मांडून ठेवलं आणि गेली.

चौथ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी बाथरूममध्ये उभा राहिलो. जुनी चकती सोलली, शी शी करत पुसलं, नवी कापली, बसवली. नाश्ता होईस्तोवर कड ओली झाली. कातडी मिरची लावल्यासारखी पेटली. दुसरी कापली. तीही गळली. पायावर ओघळ, फरशीवर ओघळ, बाथरूमभर वास. मी बादलीला लाथ मारली.

मंगलला फोन लावायला घेतला. ती पहिल्या गाडीने आली असती. मग तिचं ते "नाही गं आई" आठवलं आणि मी सिस्टरला लावला. ती म्हणाली, "काढलेल्या चकतीचा फोटो पाठवा." तसल्या घाणीचा फोटो एका परक्या बाईला पाठवायचा! डोळे मिटून पाठवला.

लगेच तिचा फोन. "काका, एवढं मोठं भोक? कार्डाने माप घेतलं का?"

मी म्हणालो, "अहो सिस्टर, गॅस्केटचं भोक पाइपापेक्षा मोठंच ठेवतात. नाहीतर कड प्रवाहात येते."

ती इतकी हसली की मलाही राग धरता येईना. "काका, इथं पाइप नाही, कातडी आहे. मोकळी राहिली की तिथं पाचक रस साचतो, कातडी भाजते, चकती सुटते. स्टोमाच्या भोवती दोन मिलिमीटर सोडा, बास. चुकलं माप, पुन्हा कापा."

चुकलं माप, पुन्हा कापा. मी तीन महिने ज्याला भीत होतो ते तिने चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं.

तिसरी चकती कार्ड लावून कापली. कोमट पाण्याने धुतलं, कोरडं केलं, बसवली, वरून तळहात दाबून धरला. ऊब लागली की ती नीट चिकटते. दुपारी बघितलं, कड कोरडी होती.

तेवढ्यात मंगलचाच फोन. "अहो, चकतीचं काय झालं? येऊ का?"

"दोन वाया घालवल्या. तिसरी बसली. तू राहा."

ती म्हणाली, "बाथरूम धुतलंत का?" मागून सासूबाईंनी विचारलं, "निघाली का गं?" मंगल म्हणाली, "नाही आई, राहते."

ती पंधरा दिवस राहिली, सासूबाई वॉकर धरून उभ्या राहीपर्यंत. मी अजून दर चौथ्या दिवशी चकती बदलतो आणि दर वेळी शी म्हणतो. किळस गेली असं सांगणार नाही, ती गेलेली नाही. पण त्या सिस्टरचे आणि मंगलचे उपकार मी विसरणार नाही.

आता सिस्टर नव्या पेशंटना मला विचारून माझा नंबर देते. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच: "काका, चुकलं तर?"

मी सांगतो, चुकलं तर घाण होते. पुसायची, आणि दुसरी चकती घ्यायची. मला तीन लागल्या.