राहिलेली पाळी

तर काल आपण थांबलो ते खोबरेल तेलापाशी. उल्हासने आपल्या चाकांच्या खुर्चीच्या पुढच्या दोन छोट्या चाकांखाली स्की बांधल्या आणि घसरायला बरं म्हणून त्यांना सढळ हाताने खोबरेल फासलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घोट्याएवढा बर्फ, आणि हा कोकणातला गडी तेल चोळतोय! खुर्ची दाराबाहेर जाईतो तेल थिजून पांढरं झालं, त्याला बर्फाची ढेकळं चिकटली आणि खुर्ची हटून बसली.

"अहो, जन्मभर इंजिनिअरकी केलीत, आणि खोबरेल थिजतं हे ठाऊक नाही?" त्याची बायको साधना म्हणाली.

"पालशेतला कधी थिजलं होतं गं?"

पालशेत दोघांचंही गाव. तिथे पोफळीची झावळी गळली की तिच्या बुंध्याकडची होडीसारखी विरी पोरं पळवायची. एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने झावळीचा शेंडा धरून ओढायचं. ज्याने ओढलं त्याची पुढची पाळी, हा कायदा. ओढण्यात उल्हासचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा त्याने साधनाला आगरातून थेट समुद्रापर्यंत नेलं. वाळूत विरी फाटली आणि त्याची पाळी राहिली ती राहिलीच.

मोठेपणी दोघांचं लग्न झालं. नोकरीसाठी तो परदेशी, आइंडहोवनशेजारच्या बेस्ट नावाच्या गावी आला, मागोमाग डिपेंडंट व्हिसावर ती आली. सायकल शिकली, घरातच शिवणकाम सुरू केलं. उल्हास्याचा 'अहो' झाला, पण ओढायची खोड काही गेली नाही. पाहुण्यांच्या बॅगा असोत की बाजारहाटाच्या पिशव्या, ओझं हाच उचलणार.

मग मणक्याचं दुखणं आलं आणि पाय गेले. खुर्ची आली तरी मागच्या दांड्याला कोणाला हात लावू देईल तर शपथ! पाठोपाठ करोना आला, आणि गड्याला आयतंच निमित्त मिळालं. "सगळं जगच घरात बसलंय. मी बसलो तर काय बिघडलं?" साधनाला मात्र कळून चुकलं होतं. उद्या जगाची दारं उघडतील, पण हा काही बाहेर पडायचा नाही.

एकवीस सालच्या फेब्रुवारीत बर्फ पडला आणि अख्खी गल्ली स्की घेऊन रस्त्यावर उतरली. इथे कसला डोंगर नि कसला उतार! स्कीवर एकाने उभं राहायचं, दोरी धरायची आणि सायकलवरून दुसऱ्याने ओढायचं. खिडकीतून उल्हास पुटपुटला, "दोरी फार आखूड धरलीय गाढवाने."

कैक महिन्यांनी त्याने बाहेरच्या कशात नाक खुपसलं होतं. साधनाने ते बरोबर हेरलं. दुकानं बंद, म्हणून ती तडक शेजारच्या रीटबाईंच्या कुंपणाशी गेली. बाईंनी नातवंडांच्या आखूड स्की कुंपणावर ठेवल्या आणि नियमाप्रमाणे चार पावलं मागे सरल्या. साधनाने त्या आणून मुकाट टेबलावर टाकल्या. उल्हासचे हात शिवशिवले. फळीचे तुकडे, पट्ट्या, स्क्रू, सगळं बाहेर निघालं. आणि शेवटी ते खोबरेल!

रीटबाई कुंपणापलीकडून पोट धरून हसल्या आणि एक मेणबत्ती फेकली. साधनाने उलथन्याने तेल खरवडलं, तळाला मेण घासलं. खुर्ची बोटाच्या धक्क्याने सरकली.

"सर बाजूला. मी जातो," म्हणत उल्हासने मोठी चाकं धरली. ओल्या बर्फात हात सटासट निसटले. पुन्हा धरली, पुन्हा निसटले. त्याची नजर दाराकडे, घराकडे वळली.

साधनाने जुन्या नायलॉनच्या साडीला पीळ दिला, खुर्चीला बांधला आणि पुढे उभी राहिली. किती वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव निघालं!

"उल्हास्या, हात काढ चाकांवरून. तुझी पाळी राहिलीय."

उल्हासने चाकं सोडली. मग हात मांडीवर घेतले.

साधनाने पदर खोचावा तसं जाकीट खोचलं आणि ओढलं. स्की सुळकन निघाल्या. रीटबाई टाळ्या वाजवत होत्या. गल्लीचं वळण येईतो साधनाला धाप लागली.

"दमले रे बाबा! फिरू का घराकडे?"

"घराकडे? मी तुला समुद्रापर्यंत ओढलं होतं. समुद्र राहू दे, निदान कालव्यापर्यंत तरी ने!"