पायरीचा टवका

नोकरीच्या निमित्तानं एका ग्रामीण जिल्ह्याची संरक्षित वास्तूंची यादी माझ्या हातात आली, तेव्हा ती वाचून मला हसू आवरेना. ऑकलंडहून गाडीनं अडीच तासांवरचा हा भाग. माणसांपेक्षा गाई जास्त. यादीत काय, तर एक लाकडी चर्च, बंद पडलेला लोण्याचा कारखाना, एका खोलीचा तुरुंग, घोड्यांना पाणी पाजायचा हौद आणि पत्र्याच्या छपराचा एक गावहॉल. मी पुण्यात वाढलेला माणूस. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं मारुतीचं देऊळ या सगळ्यांच्या आज्याच्या वयाचं होतं आणि त्याच्या भिंतीवर लोक खुशाल क्लासच्या जाहिराती चिकटवायचे. आमची सोसायटी तर मी इकडे आल्यावर चार वर्षांतच रिडेव्हलपमेंटला गेली. नव्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत म्हणून सगळे खूश होते. मीही होतो. त्यामुळे घोड्याच्या हौदाचं एवढं कौतुक बघून मला जरा रागच आला, हे कबूल करतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. यादीतला हॉल माझ्या वाट्याला आला. त्याची विटांची चिमणी भूकंपात कोसळेल अशी होती आणि जमिनीखालचे लाकडी खुंट कुजले होते, म्हणून त्याला दोन वर्षं टाळं होतं. मूळ वास्तूला धक्का न लावता तो मजबूत करायचा होता. कौन्सिलच्या अधिकाऱ्यानं ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करत हात मिळवला आणि अटींचा गठ्ठा पुढे केला. एक अट ठळक अक्षरात होती. मूळ बांधकामाचा कुठलाही भाग दुखावला तर काम तिथल्या तिथे थांबवायचं, कळवायचं, आणि तो स्वतः येऊन बघेपर्यंत पुढे हात लावायचा नाही. मी ऐटीत सही ठोकली. वीस वर्षांत माझ्या हातून कशाला धक्का लागला नव्हता.

हॉलची किल्ली समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंकडे असायची. त्या पंच्याऐंशीच्या पुढच्या होत्या. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घालायच्या. इथे एवढ्या वयाच्या बाईलाही नावानंच हाक मारतात. ऑफिसात बॉसला नावानं हाक मारायला मी शिकलो होतो, पण यांच्या बाबतीत जीभ काही वळेना. आणि ‘मिसेस अमुक’ म्हटलं की त्या खवळायच्या. शेवटी मी त्यांना कशीच हाक मारत नसे. समोर जाऊन उभा राहायचो आणि त्या वर बघेपर्यंत घसा खाकरायचो.

पहिल्याच भेटीत त्यांनी चीज घातलेले स्कोन, म्हणजे इथले घरगुती छोटे पाव, पुढे केले आणि हवापाण्याबद्दल बोलावं तशा सुरात सांगितलं, ‘‘या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना मी ह्याच हॉलमधून निरोप दिलाय. अंत्यविधीनंतरचा चहा माझ्याकडे असायचा. डॉक्टर म्हणतात, मी काही यंदाचा हिवाळा पार करत नाही. मला इथूनच जायचंय. तेव्हा रेंगाळू नका.’’

मी अजून एक स्कोन खाल्ला.

फेब्रुवारी चालू होता, म्हणजे इथला उन्हाळा संपत आला होता. मेअखेर काम पुरं होईल असं मी वेळापत्रक आखलं. आणि काम सुरू करायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या बाजारात जाऊन नारळ आणला.

ही माझ्या वडिलांची सवय. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. साधी मोरी बांधायची असली तरी नारळ फोडल्याशिवाय त्यांनी पहिली कुदळ मारू दिली नाही. मी त्यावरून त्यांची चिक्कार चेष्टा केली होती. पुढे कोविडमुळे सीमा बंद असलेल्या काळात ते गेले. मी इथे ऑकलंडमध्ये, हिल्सबरोच्या घरात फोनच्या स्क्रीनवर ते बघितलं. खांदा चुलतभावानं दिला. तेव्हापासून मी प्रत्येक कामाला नारळ फोडतो. देवावर माझा विश्वास किती हे विचारू नका.

सोमवारी सकाळी आठला आम्ही दोघंच होतो, मी आणि तिथला सुतार. नारळ हातात बघून त्यानं टोपी काढली आणि शांत उभा राहिला. इथे कामाआधी माओरी प्रार्थना म्हणायची पद्धत आहे. हे तुमचं तसलंच काहीतरी, असं त्यानं धरलं. आता फोडायला दगड हवा. हॉल सगळा लाकडाचा, भोवती गवत. दगड म्हणून एकच होता, दाराची पायरी. मी नारळाला नमस्कार केला आणि वडील हाणायचे तसा हाणला.

नारळ शाबूत राहिला. पायरीच्या कडेचा तळहाताएवढा टवका उडून गवतात पडला.

आमचा हात तयार झालेला काळ्या पाषाणावर. पुण्याच्या पायऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नारळ खाल्ले आणि त्यांच्या अंगावर ओरखडा नाही. ऑकलंडमध्येही ज्वालामुखीचा तसाच काळा दगड आहे, म्हणून तिथेही कधी चुकलं नव्हतं. ही पायरी मऊ चुनखडीची. आणि गंमत म्हणजे ‘मऊ चुनखडी, जपून हाताळावी’ हे अहवालात लिहिणारा मीच.

सुतारानं टवका उचलून कडेला लावून बघितला आणि म्हणाला, ‘‘शी’ल बी राइट, मेट. काही होत नाही. चुना आणि ह्याचाच चुरा. अर्ध्या तासात बुजवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.’’ हाच माणूस प्रत्येक नव्या फळीच्या मागच्या बाजूला वर्ष कोरून ठेवायचा, उद्या कुणी नवं लाकूड जुनं समजू नये म्हणून. पण तो समोरच्या घराकडे बघून बोलत होता. आम्हा दोघांनाही हिशेब कळत होता. अधिकारी आख्ख्या जिल्ह्याला एकटा. त्याची पाळी यायची म्हणजे महिना तरी जाणार, आणि बाईंकडे महिने मोजकेच होते.

मी पायरीवर बसून राहिलो. बुजवावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यांच्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. पण मला स्वतःची अब्रूही वाचवायची होती, आणि ती किती हे मला नीट ठाऊक होतं. शेवटी टवका रुमालात बांधला, दुसऱ्या हातात नारळ घेतला आणि रस्ता ओलांडला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नारळ कशासाठी, असं विचारलं. काम निर्विघ्न पार पडावं म्हणून, मी म्हणालो. त्या खोकला येईपर्यंत हसल्या. मग कौन्सिलचा नंबर शोधायला चष्मा चढवू लागल्या, तेव्हा माझा तोल गेला. वाया घालवायला आपल्याकडे महिना नाही, तुमच्याकडे तर नाहीच, असं मी बोलून बसलो. शब्द तोंडातून गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

त्या रागावल्या नाहीत. ‘‘हा हॉल आम्ही खरा ठेवलाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्यासाठी तो खोटा करायचा नाही. मी थांबीन.’’

फोन झाल्यावर त्यांनी हातोडी आणली आणि मला मागच्या दारी नेलं. ही पायरी सिमेंटची आहे, कुणाच्या यादीत नाही, इथे फोड म्हणाल्या. आम्ही तिथेच उभ्यानं खोबरं खाल्लं. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण वाट्याचं संपवलं.

अधिकारी पाचव्या आठवड्यात उगवला. तोवर मी घरी सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होतो. ‘‘डॅड, यू ब्रोक इट विथ अ कोकोनट?’’ असं म्हणून मुलीनं ही बातमी वर्गभर केली होती. अधिकाऱ्यानं फोटो काढले, मापं घेतली आणि निकाल दिला की बुजवायचं नाही. वास्तूच्या नोंदीत एक ओळ वाढली. पायरीची डावी कड, टवका, काम सुरू करताना इंजिनिअरनं आपटलेल्या नारळामुळे. म्हणजे आता तो टवकाही संरक्षित.

काम जुलैत संपलं, भर थंडीत. मधल्या काळात बाईंना दोनदा हॉस्पिटलात ठेवलं. फोन वाजला की मला धस्स व्हायचं. पण शेवटच्या सहीच्या दिवशी त्या आल्या, व्हीलचेअरवर, गळ्यात किल्ली. कुलूप स्वतः उघडलं. खूप वेळ लागला, पण मदत करायची कुणाची छाती झाली नाही. खिडकीखाली अर्धा तास बसल्या आणि चहाची भांडी कुठे ठेवली ते विचारलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. हॉलमधला पहिला कार्यक्रम आईचाच आहे, शवपेटी उचलायला एक माणूस कमी पडतोय, येशील का, तिनं विचारलं. मी हो म्हणालो आणि फोन ठेवून बराच वेळ रडलो. त्यात वडीलही होतेच.

इथे खांद्यावर घेत नाहीत, कड्यांना धरून नेतात. मी डावीकडे पुढे होतो. बाहेर पडताना बुटाला पायरीची ती कड लागली आणि इतके महिने न वळलेली जीभ आपसूक वळली.

‘‘सावकाश हं, आजी,’’ मी म्हणालो. ‘‘पायरीला टवका आहे.’’