पीळ दिलेले शंकरपाळे
शंकरपाळे तळताना वेलचीचा वास सुटला की अमेरिकेत कॅरी गावातल्या आमच्या जुन्या शेजारीणबाई आठवतात. त्या आइसलँडच्या. एका दिवाळीला त्यांच्या देशातले, आपल्यासारखेच पण पीळ दिलेले शंकरपाळे घेऊन त्या फराळाला आल्या आणि सहज म्हणाल्या, "कालच पोस्टाने मत पाठवलं, आमच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला." आमच्याकडे आलेले एक काका हसले, "कन्झर्व्हेटिव्ह? आणि तुमच्याकडे हॉस्पिटलं सरकारी? इथले कन्झर्व्हेटिव्ह तर त्यालाच विरोध करतात!" "ती आमच्या पक्षालाही हवीत," बाई म्हणाल्या, "देश एवढासा, वेळ आली तर आम्ही डाव्यांबरोबरही सरकारात बसतो." "पण राहता इथे, मग तिकडे मत कशाला?" बाईंनी बशी खाली ठेवली. "तुम्ही तर इथले सिटिझन. गेल्या वेळी कुणाला मत दिलंत?" काका आमच्याकडे बघत म्हणाले, "लाइनमध्ये कोण उभं राहणार यार!" सगळे खो खो हसले. मला असा राग आला! पण मी व्हिसावर, मला मतच नव्हतं. आता सिटिझनशिप मिळाली; आज मतदान आहे, माझं पहिलंच. मघाशी त्याच काकांचा फोन आला, "एका मताने काय होतंय?" मी गॅस बंद केला आणि शंकरपाळ्यांचा डबा भरून घेतला. लाइन लांब असली तर उभ्या उभ्या खाईन.